दोन माणसांची दुर्बीण

घरातल्या सगळ्या सामानाची वाटणी झाली होती. मिक्सर तिला, गॅस त्याला, कपाट तिला, पलंग त्याला. पडदे दोघांनाही नको होते, म्हणून ते खिडकीलाच लटकत राहिले. राहता राहिली दुर्बीण. तिचे काही दोन तुकडे होत नाहीत. तेव्हा ठरलं, ती विकायची आणि येतील ते पैसे निम्मे-निम्मे घ्यायचे. दुर्बीण विकली गेली की बायकोला या घरात पाऊल टाकायचं कारण संपणार होतं.

बायको म्हणायचं की नाही, हाही एक प्रश्नच होता म्हणा. कागदावर ती आता त्याची कुणी लागत नव्हती. पण सोळा वर्षं जिला बायको म्हटलं तिला यापुढे काय म्हणायचं, ते काही त्या कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं. तेव्हा आपणही बायकोच म्हणू.

तो लिफ्टचा मिस्त्री. उभा जन्म लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत बॅटरी तोंडात धरून काढलेला. बॅटरी तोंडात धरली की बोलता येत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण हा गडी घरी येऊन बॅटरी काढून ठेवली तरी बोलत नसे. भांडण नाही, तंटा नाही, व्यसन नाही, हात उगारणं तर दूरच. नुसता मूग गिळून बसलेला. आणि काही विचारलंच तर एकच उत्तर ठरलेलं, "तुला वाटेल ते."

बायको दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. सुरुवातीला चारचौघांत हसत हसत म्हणायची, "अर्ध्या शहराची तोंडं मी चालू करून दिली, पण घरातलं एक तोंड काही चालू होईना." लोक हसायचे, तोही हसायचा. पुढं पुढं तिनं तो विनोद करणं सोडलं, तेव्हा खरं तर यानं घाबरायला हवं होतं. पण नाही. भिंतीला रंग कुठला द्यायचा? तुला वाटेल ते. तुझ्या आईला माझ्याबद्दल असं का बोलू दिलंस? गप्प. शेवटी दीड वर्षापूर्वी एका सकाळी ती म्हणाली, "मी बहिणीकडं जाऊन राहते." आणि हा महाभाग डबा भरता भरता म्हणाला, "तुला वाटेल ते." आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं!

कोर्टातल्या बाईंनीसुद्धा विचारलं होतं, "तुमचं काही म्हणणं आहे का?" तेव्हाही हा "नाही" म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला काही म्हणता काही वाटेनासं झालं. दाढ काढताना सुई देतात आणि मग गाल आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं. सकाळी चहानं जीभ पोळायची आणि ते त्याला संध्याकाळी कळायचं. कामावर जायचा, यायचा, पोळी खायचा, झोपायचा. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. घर सुनं आहे हे त्याला ठाऊक होतं, पण ते पंख्याचा एक स्क्रू ढिला आहे हे ठाऊक असावं तितकंच.

दुर्बीण तिनंच आणली होती, सहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या बोनसमधून. नवशिक्यांची, पण आत कॉम्प्युटर असलेली. तारीख घाला, वेळ घाला, आपण कुठं उभे आहोत ते सांगा आणि काय बघायचं ते निवडा. मग ती मोटार घर्रर्र करत स्वतःहून मान वळवते. नेमकं तिथं पोचत नाही, थोडी अलीकडं किंवा पलीकडं थांबते. तिथून पुढं हातातल्या रिमोटवरची बाणाची बटणं दाबून ती वस्तू मधोमध आणायची असते. याला खरं तर एकच माणूस पुरतो. पण या दोघांनी ते काम पहिल्या दिवसापासून वाटून घेतलं होतं. डोळा तिचा, अंगठा त्याचा.

आणि त्यावरून पहिले सहा महिने अशी काही जुंपायची की बस! त्या नळीत सगळं उलटं दिसतं. ती म्हणायची, चंद्र डावीकडे आहे. तो डावं बटण दाबायचा आणि चंद्र बाहेर. "डावीकडे म्हटलं ना!" "डावंच दाबलं!" त्याचा चढलेला आवाज शेजाऱ्यांनी ऐकला असेल तर तो फक्त गच्चीवरून. शेवटी तिनं फर्मान काढलं, "मला जे दिसतं ते मी सांगणार. तू कायम उलटं दाबायचं. डावं म्हटलं की उजवं, वर म्हटलं की खाली. डोकं लावायचं नाही." यानं डोकं लावलं नाही. अंगठा मात्र शिकला, आणि असा शिकला की तिचा शब्द पुरा व्हायच्या आत बटण दाबलेलं असायचं. सोळा वर्षांत तिनं काही म्हणावं आणि यानं लगोलग उत्तर द्यावं, असं घडलं ते त्या गच्चीवरच.

म्हणून गिऱ्हाईक आलं की दाखवायला दोघंही लागायची. रविवारी दुपारी ती दोन बस बदलून यायची. पहिल्या रविवारी एक लग्नाचे फोटो काढणारा आला. त्याला त्याचा भलाथोरला कॅमेरा दुर्बिणीला अडकवायचा होता. अडकवला, तर दुर्बिणीनं मान टाकली. गेला. दुसऱ्या रविवारी व्यायामशाळेतला एक मास्तर आला आणि पहिल्याच दमात विचारता झाला, "समोरच्या इमारतीतलं दिसेल का हो?" बायकोनं त्याला चपला घालायलाही फुरसत दिली नाही. दोन्ही वेळा ती उशिरापर्यंत थांबली, चहा प्याली, "पुढच्या रविवारी बघू" म्हणाली आणि गेली. आणि मिस्त्री शनिवारी रात्री कप घासून उपडे घालून ठेवायला लागला. का ठेवतोय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं उत्तर दिलं नसतं म्हणा.

तिसऱ्या रविवारी मोजणीदार आले.

निवृत्त होऊन दोन वर्षं झालेले, जमिनी मोजायच्या खात्यातले. उन्हानं रापलेले, खिशाला दोन पेनं, आणि आल्या आल्या गॅलरीची फरशी पायानं चाचपून बघणारे. "इथं उतार आहे बरं का," ते म्हणाले. अकरा वर्षं त्या घरात राहून दोघांनाही ते माहीत नव्हतं. मोजणीदारांनी तिपाई स्वतः मांडली, पाणसळीतला बुडबुडा बघून तिचा एक पाय अर्धं बोट खाली घेतला, आणि समाधानानं हात झटकले.

"काका, चहा?" बायकोनं विचारलं.

"आधी यंत्र, मग चहा. यंत्र बिघडलेलं निघालं तर चहा घशाखाली जात नाही."

दुपारचे साडेचार झाले होते. ऊन घराच्या मागच्या बाजूला होतं आणि गॅलरीसमोरच्या आभाळात अर्धा चंद्र फिकट, धुतलेल्या कपड्यावरच्या जुन्या डागासारखा दिसत होता. मिस्त्रीनं तारीख घातली, वेळ घातली, चंद्र निवडला. मोटार घरघरली, नळी वळली, उचलली गेली, थांबली.

"तुम्ही बघा," बायको म्हणाली आणि बाजूला झाली.

मोजणीदारांनी डोळा लावला आणि दोन्ही हात खिशात घातले. "आमच्यात नियम आहे," ते म्हणाले. "डोळा लावणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही. बटणं तुम्ही दाबा. मी सांगतो."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

आता गंमत बघा. मोजणीदारांची अर्धी नोकरी उलटी चित्रं दाखवणाऱ्या जुन्या यंत्रांवर गेलेली. डोळ्याला डावीकडे दिसलं की त्यांच्या तोंडून आपसूक उजवीकडे यायचं. हिशेब आतच उरकलेला असायचा. त्यांनी सांगितलं, "उजवीकडे." म्हणजे उजवं बटण दाबा, एवढा सरळ अर्थ. आणि मिस्त्रीच्या अंगठ्यानं सहा वर्षांच्या सवयीनं डावं दाबलं.

"अहो, उजवीकडे!"

अंगठा पुन्हा डावीकडे.

"गेला की चंद्र! वर घ्या... वर म्हणतोय मी!" अंगठा खाली. मोजणीदारांनी डोळा काढला. "हे उलटं चालतंय. तुम्ही बरोबर दाबताय ना?"

वर जायचं बटण दाबल्यावर खाली जाणाऱ्या लिफ्टा मिस्त्रीनं आयुष्यात डझनानं बघितल्या होत्या. दोष कुठं आहे हे त्याला मिनिटात कळायचं. आताही कळलं. दोष मोटारीत नव्हता, तारेत नव्हता, त्याच्या अंगठ्यात होता. "थांबा, माझी चूक झाली," एवढंच म्हणायचं होतं. पाच सेकंदांचं काम.

पण त्याच पाच सेकंदांत त्याला दुसरंही कळलं. हे बिघडलेलं ठरलं, तर विकलं जाणार नाही. विकलं गेलं नाही, तर पुढचा रविवार आहे.

"बरोबरच दाबतोय," तो म्हणाला.

मोजणीदारांनी पुन्हा डोळा लावला. या वेळी मिस्त्रीनं समजून उमजून, शुद्धीवर राहून उलटं दाबलं. उजवीकडे म्हटलं की डावं. खाली म्हटलं की वर. चंद्र गेला तो गेलाच.

दाराशी बायको हाताची घडी घालून उभी होती. ती मोजणीदारांकडं बघत नव्हती, चंद्राकडंही नाही. ती त्याच्या अंगठ्याकडं बघत होती. तिला दिसलं होतं. तिनंच शिकवलेलं, तिला दिसणार नाही तर कुणाला? आता बोलेल, असं त्याला वाटलं. ती बोलली नाही. अळीमिळी गुपचिळी.

आणि मिस्त्रीच्या छातीत काहीतरी धाडकन हललं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ही पण गप्प आहे! हिला पण विकायची नाही! आनंद झाला त्याला, अगदी लहान पोराला व्हावा तसा.

"मोटारीच्या तारा कुणीतरी उलट्या जोडल्यात," मोजणीदारांनी निदान केलं. "तुम्ही मिस्त्री माणूस, उघडून बघा. पण मी बिघाडाच्या वस्तूत पडत नाही. दुसरी एक बघून ठेवलीय." त्यांनी तिपाईवरून हळूच हात फिरवला, कुणाचं तरी जनावर परत करताना फिरवावा तसा. "बाकी ठेवलीय मात्र छान. येतो."

चहा न पिताच ते गेले. दार लागलं. लिफ्ट खाली निघाल्याचा आवाज आला.

"मग," मिस्त्री म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "पुढच्या रविवारी?"

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा. 'बरोबरच दाबतोय' म्हणालास तेव्हा."

"हो. आणि तुलाही कळलं होतं. तू पण बोलली नाहीस."

"मी का बोलले नाही, माहितेय?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "परक्या माणसासमोर तू खोटा पडला असतास. तेवढ्यासाठी. दुसरं काही नाही रे त्यात."

त्यानं रिमोट तिपाईला अडकवला.

"मला थांबवायचं तर चांगलं यंत्र बिघडलेलं ठरवायचं? एका सज्जन माणसाला उल्लू बनवायचं? तुला तोंड नाही का? दीड वर्षं मी बहिणीच्या घरात सोफ्यावर झोपतेय. एक फोन? कोर्टात त्या बाई तुझ्या तोंडाकडं बघत होत्या, मीही बघत होते. एवढंसं काहीतरी म्हणशील म्हणून."

मग मिस्त्री म्हणाला, "जाऊ नकोस."

त्यानं ते म्हटलं. त्याच्या स्वतःच्या कानांना ते ऐकू आलं. तिच्याही.

तिनं पदर, पर्स, काहीतरी सावरल्यासारखं केलं. डोळे भरले होते तिचे, पण मान हलली ती नकारार्थीच. "बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. "आता नाही. आता माझ्यात तेवढं उरलं नाही. खरंच नाही उरलं. रागावून म्हणत नाहीये."

ते खरं होतं हे त्याला कळलं. आणि ते कळणं दुखलं. आत, खोल, नेमकं जिथं दुखायला हवं तिथं. तो गॅलरीच्या कठड्याशी गेला. खाली मोजणीदार आवारात स्कूटरची किल्ली शोधत खिसे चाचपत होते.

"अहो काका!" तो ओरडला.

चार मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. मुक्या मिस्त्रींचा आवाज ऐकायला, दुसरं काय! पहिल्या मजल्यावरची आजी तर कणकेच्या हातानंच बाहेर आली.

"काका, वर या! यंत्र चांगलं आहे! चूक माझी होती!"

मोजणीदार वर आले ते साशंक चेहऱ्यानं. पुन्हा डोळा लावला, हात खिशात घातले, "उजवीकडे" म्हणाले. मिस्त्रीनं उजव्या बटणावर अंगठा ठेवला. बटण जड नव्हतं, पण दाबायला त्याला जोर लावावा लागला. "अजून. थोडं वर. थोडं... बास! आला! काय सुरेख आलाय हो, अगदी मधोमध." मोजणीदार बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणाले, "मग मघाशी काय झालं होतं?"

"मुद्दाम उलटं दाबत होतो," मिस्त्री म्हणाला. "ही विकली गेली की हिचं इथं येणं संपतं. म्हणून."

मोजणीदारांनी त्याच्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. आयुष्यभर भावाभावांच्या बांधांवर उभं राहून फीत धरलेला माणूस. किती बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. त्यांनी नळीला टोपण लावलं. "माझी मंडळी पण बटणं दाबायला तयार आहे," ते म्हणाले. "नीट ठेवू आम्ही." आणि पैसे टेबलावर ठेवले.

दुर्बीण खोक्यात गेली, तिपाई घडी झाली, चहासुद्धा झाला. मोजणीदारांची स्कूटर गेली. तिनं तिचे पैसे पर्समध्ये टाकले आणि चपला पायात घातल्या.

"स्टॉपपर्यंत येतो," तो म्हणाला.

"चल."

आणि फाटकाबाहेर पडल्यावर मिस्त्री बोलायला लागला. कशावरून सुरुवात झाली कुणास ठाऊक. नळाच्या गळतीवरून असावी. मग मोठ्या दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये अडकलेली एक बाई घाबरू नये म्हणून त्यानं वरून तासभर तिला पाढे म्हणायला लावले, ते. मग आईला तो काय बोलला होता, ते. बोलला होता म्हणे! तिला न सांगता, एकट्यानं गावी जाऊन, आणि आई चार महिने त्याच्याशी अबोला धरून होती.

"मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही सांगितलं." तो चालत राहिला. वाण्याचं दुकान गेलं, पंक्चरवाला गेला. "आणि नऊ वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस ना, आपण मूल दत्तक घेऊ या का. तेव्हा मी म्हणालो, तुला वाटेल ते. मला हवं होतं गं. फॉर्मसुद्धा आणला होता. कामावरच्या कपाटात आहे अजून. पण तुला मनातून नको असलं आणि मी हो म्हणालो, तर तू माझ्यासाठी हो म्हणशील, अशी भीती वाटली."

ती थांबली. रस्त्याच्या मधोमधच थांबली. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत कडेनं गेला.

"मला वाटलं, तुला नकोय," ती म्हणाली. "म्हणून मी परत विचारलं नाही."

"मला वाटलं, तुला नकोय."

ती स्टॉपवर आली. तोही आला. आणि जणू आता थांबलं तर कायमचं थांबेल अशा घाईनं तो पुन्हा बोलायला लागला. फॉर्मवर कुठं कुठं सह्या लागत होत्या, एक रकाना त्याला समजला नव्हता, मुलगी की मुलगा यावर त्यानं मुलगी लिहिलं होतं. ती ऐकत होती. त्याच्याकडं बघत, तोंड किंचित उघडं ठेवून.

"आणि मुलगी मिळाली असती ना, तर पहिल्यांदा मी तिला..."

बस आली. ती पायरीवर चढली, दांडी धरली आणि वळली.

"एवढं बोलता येतं तुला?" ती म्हणाली.

बस निघून गेली. स्टॉपवर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. मिस्त्रीचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ते त्यानं तिथंच उभं राहून, त्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुरं केलं.

"...लिफ्टच्या छतावर मांडीत बसवून पार वरपर्यंत नेणार होतो."